मुंगीमास्तरांचा पहारा

त्या घरात सून म्हणून आल्यावर तिला पहिला ओरडा बसला तो बिस्किटाच्या चुऱ्यावरून. लग्नाला आठवडाही झाला नव्हता. खिडकीशी उभं राहून तिने चहाबरोबर एक बिस्किट खाल्लं, चार कण कट्ट्यावर सांडले आणि ती कप विसळायला आत गेली. परत येते तो सासरे समोर उभे. उजव्या डोळ्याला घड्याळ दुरुस्तीचं भिंग, एका हातात ओलं फडकं आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यावर ते चार कण.

"सूनबाई, हे तुझे का?"

तिला हसूच फुटलं. नाहीतर काय होणार हो? साठीचा धडधाकट माणूस, घड्याळजी म्हणून अख्ख्या बाजारात नाव, आणि सकाळी सकाळी चार कण तळव्यावर घेऊन चौकशी करतोय! सासरे मात्र हसले नाहीत. "या घरात हसण्यासारखं पुष्कळ आहे," ते म्हणाले, "पण हे त्यातलं नाही." मग त्यांनी कण कागदात गुंडाळले, पुडी खिशात घातली आणि ते मागच्या दाराने बाहेर गेले.

नवऱ्याने तिला बाजूला घेऊन समजावलं. "बाबांना दुसरं काहीही बोल, मुंग्यांवरून बोलू नकोस. गल्लीत त्यांना मुंगीमास्तर म्हणतात, पण तेही पाठीमागे."

"अरे, पण का?"

"आत्याला विचार. तिला सांगायला आवडतं."

आत्या म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. मधल्या खोलीत तिचा पलंग होता आणि गेली कित्येक वर्षं ती त्या पलंगावरच होती. मणक्याचं दुखणं झालं, ऑपरेशन झालं, जीव वाचला आणि कमरेखालचं अंग गेलं. पाय होते, पण चिमटा काढा नाहीतर चटका द्या, तिला काही कळायचं नाही. वरचं अंग मात्र ठणठणीत होतं, आणि जीभ तर विचारूच नका. उशाशी एक दांड्याचा आरसा असायचा. मान न वळवता त्यातून तिला दार, खिडकी, छत, चारी भिंती सगळं दिसायचं. घरात कोण आलं, कोण न सांगता बाहेर गेलं, कुणाचा सदरा उसवलाय, हे आधी आत्याला कळायचं आणि मग सगळ्या घराला.

सुनेने विचारलं तशी आत्या खुलली.

"तुझा नवरा तेव्हा जन्माला यायचा होता. वहिनी, म्हणजे तुझी गेलेली सासू, बाळंतपणाला माहेरी होती. घरात आम्ही दोघंच, मी आणि तुझा सासरा. बाळ्याने दुपारी मला दोन गोड बिस्किटं दिली, बशी पायथ्याशी ठेवली आणि दुकानात गेला. उचलायची विसरला. विसरतो माणूस. संध्याकाळी आला तेव्हा मी पेपर वाचत होते. माझ्या टाचेला शे-दीडशे मुंग्या लागल्या होत्या, आणि मी आपली शब्दकोडं सोडवत होते."

सुनेच्या अंगावर काटा आला.

"मला कुठे काय कळणार? कळलं असतं तर ओरडले नसते का? अगं, बाळ्याच ओरडला. मी विचारतेय, काय रे झालं, काय झालं, आणि तो नुसता ओरडतोय. ती जखम भरायला पाच महिने लागले. आठ दिवस त्याने दुकान उघडलं नाही. नवव्या दिवशी उघडलं, पण त्याआधी माझ्या पलंगाचे चारी पाय चार वाट्यांत ठेवून गेला."

त्या चार वाट्या सुनेने आल्या दिवसापासून पाहिल्या होत्या. स्टीलच्या, पसरट, काठोकाठ पाणी भरलेल्या. तिला वाटलं होतं, जुनी सवय असेल. आता तिने खाली वाकून पाहिलं. पलंग भिंतीपासून वीतभर लांब. पडदा एवढा आखूड की त्याचं टोक पलंगापर्यंत पोचूच नये. आत्याच्या बेलची वायर छतावरून सोडलेली, आणि मध्येच तिला व्हॅसलीनचा जाड थर. जिथून म्हणून मुंगीला त्या पलंगावर चढता आलं असतं, ती प्रत्येक जागा कुणीतरी आधी मुंगी होऊन चालून पाहिली होती.

सुरुवातीला घड्याळजींनीही केलं होतं तेच, जे तुम्ही आम्ही करतो. पावडर आणली, दाराखिडक्यांत ओतली. दोन दिवस शांतता, आणि तिसऱ्या दिवशी एका रांगेच्या तीन रांगा. शिवाय पावडरीने आत्याला असा खोकला लागला की डॉक्टर बोलवावा लागला. मग फवारा आणला. तोच प्रकार. नाकात दम आला माणसाच्या. शेवटी एका रविवारी त्यांनी सगळे डबे फेकून दिले, डोळ्याला भिंग लावलं आणि स्वयंपाकघरात जमिनीवर पोटावर पालथे झाले. दिवसभर उठले नाहीत. शेजारीण वाटीभर साखर मागायला आली, तिला वाटलं यांना झटका आला.

त्या दिवशी त्यांना कळलं की आपण मुंग्या बघत होतो, पण मुंगी कधी बघितली नव्हती. एक मुंगी निघते, ती कुठून येते आणि कुठे जाते? दहा जणींत मिसळली की ओळखणार कशी? त्यावर त्यांनी जी युक्ती काढली ती घड्याळजीलाच सुचावी. तबकडीवरचे पुसट झालेले आकडे रंगवायला त्यांच्याकडे पांढरा रंग होता आणि त्याचा ब्रश होता, चार केसांचा. त्यांनी त्यातले तीन केस कापले. उरलेल्या एका केसाने मुंगीच्या पाठीवर पांढरा ठिपका दिला आणि तिच्या मागे गुडघ्यावर रांगत निघाले.

पहिली ठिपक्याची मुंगी भिंतीतल्या खिळ्याच्या भोकात गेली. ते भोक त्यांनी पुट्टीने बुजवलं. दुसरी पाइपाच्या कडेने गेली. तिसरीने त्यांना मागच्या अंगणात नेलं, झाडाच्या एका फांदीवर. ती फांदी छपराला जेमतेम टेकलेली होती. फांदी तोडली. असं करत करत वर्षभरात त्यांना त्या घराची एकूण एक चीर ठाऊक झाली. रांग दिसली की मारायची नाही. आधी उगम शोधायचा, मग वाट साबणाच्या पाण्याने पुसून काढायची, कारण वास राहिला की मागच्या येतात, आणि मग चीर बुजवायची. वाट्यांतलं पाणी रोज बदलायचं. का? तर पाणी दोन दिवस राहिलं की त्यावर धुळीची साय धरते आणि मुंगी त्या सायीवरून सरळ चालत पलीकडे जाते. हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. तेव्हापासून रोज ताजं पाणी आणि त्यात एक थेंब साबण.

आणि सगळ्यात शेवटची गोष्ट म्हणजे अंगणाच्या टोकाला, कुंपणाच्या भिंतीच्या मुळाशी ठेवलेला फरशीचा एक तुकडा. रोज सकाळी साडेसहाला मुंगीमास्तर बाटलीच्या झाकणाने मापून साखरेचं पाणी त्यावर ओतायचे. थेंबभर जास्त नाही, कमी नाही. एकही खाडा नाही. ताप असला तरी जायचे. गल्लीतल्या लोकांना वाटायचं हे मुंग्यांची हजेरी घेतात. त्यावरून ते नाव पडलं.

"अहो, शत्रूला कुणी जेवायला घालतं का?" सुनेने एकदा विचारलं.

"शत्रू कशाला? पोट भरायला निघालेल्या बायका आहेत त्या. त्यांना घरात का यायचंय? पोटासाठी. तिकडे रोज वेळेवर मिळतंय म्हटल्यावर इकडची वाट कोण तुडवेल? मारून मुंगी संपत नाही, सूनबाई. तिला इकडे यायचं कारण उरता कामा नये."

आणि मग त्यांनी तिला भिंग दिलं, एका मुंगीला ठिपका लावून दाखवला आणि म्हणाले, "बस आता इथे."

ती बसली. खरं तर सासऱ्यांचं मन राखायला बसली होती. भिंगातून तिला दिसलं की ती मुंगी पाणी पिऊन फुगली, वळली, समोरून येणाऱ्या प्रत्येकीला थांबून मिशा लावून काहीतरी सांगत गेली. भिंतीच्या मुळाशी दिसेनाशी झाली. सुनेला वाटलं, झालं. वीस मिनिटांनी पांढरा ठिपका परत आला. मागे दहा जणी. सुनेचे पाय मुंग्या येऊन बधिर झाले होते आणि तिचं तिकडे लक्षच नव्हतं. किती बारीक जीव, आणि घर विसरत नाही! एवढ्या अंगणात, एवढ्या गवतात, बरोबर त्याच फरशीवर! "बाबा, आली हो! तीच आली!" ती ओरडली. मुंगीमास्तर तिच्याकडे बघून पहिल्यांदा मनापासून हसले. त्या दिवसापासून सासरा-सुनेचं जमलं.

हे घडलं त्याला आता सहा वर्षं झाली. त्यानंतर दोन वर्षांतच सासऱ्यांनी दुकान बंद केलं. "आता वेळ सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे, घड्याळजीला कोण विचारतं?" असं म्हणाले. सगळ्यांना पटलं. सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. सकाळी जायची, दुपारी दोनला यायची. घर नीट चाललं होतं. आत्याच्या टाचा लहान मुलाच्या टाचांसारख्या स्वच्छ होत्या. त्या दुपारनंतर एकतीस वर्षांत त्या पलंगावर एक मुंगी चढली नव्हती. एकतीस वर्षं! माणसाला स्वतःची चप्पल जागेवर ठेवायला जमत नाही.

सकाळचा चहा भाऊ-बहीण एकत्र घ्यायचे. आत्या आरसा फिरवायची आणि भिंतीवरच्या रंगाबद्दल कुरकुर करायची. समोरच्या भिंतीच्या मधोमध एक मोठं गोल घड्याळ होतं. "बाळ्या, आज साताच्या खाली डाग दिसतोय रे, दोन हातांवर." "असं? बघतो." की उठले, ओलं फडकं घेतलं, भिंत पुसली. दुसऱ्या दिवशी, "तीनच्या बाजूला, चौकटीजवळ." पुन्हा फडकं. सून नवऱ्याला म्हणायची, "ही दोघं मिळून एक दिवस भिंतीचा रंग पार काढणार आहेत."

मग एका सोमवारी तिला खिडकीच्या कट्ट्यावर चहापत्तीचं एक पान सापडलं. भिजून सुकलेलं, काळं, मुंगीएवढं. त्यावर मधोमध एक पांढरा ठिपका होता.

ती जागच्या जागी उभी राहिली. ठिपका अगदी नेटका होता. हात जराही हलला नव्हता. पण ज्या माणसाने बिस्किटाचे चार कण खोलीच्या पलीकडून ओळखले होते, त्याने चहापत्तीला मुंगी समजून ठिपका लावला होता. आणि मग एकेक गोष्ट तिच्या डोळ्यासमोर आली. ते बोलताना तोंडाकडे न बघता कानाकडे बघतात. चहा ओततात तेव्हा कपाच्या काठावर बोट असतं. पेपर घेऊन बसतात, पण पान उलटत नाहीत. चार वर्षांपूर्वी दुकान बंद केलं, तेही मोबाइलमुळे नव्हे. दुकानात असलं गिऱ्हाईक आलं की ती आधी खुर्ची पुढे करायची आणि म्हणायची, आजोबा, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन या, हे चष्म्याचं काम नाही. बाहेरच्या शंभर जणांचे डोळे ओळखणारी ही बाई, घरातल्या माणसाचे डोळे तिने चार वर्षं ओळखले नव्हते. तिने कपाळावर हात मारून घेतला.

आणि लगेच तिला पलंग आठवला. यांना दिसत नाही, तर मग आत्याच्या पलंगावर लक्ष कोणाचं आहे?

संध्याकाळी हे ऐकून नवरा म्हणाला, "फवारणीवाल्याला बोलवू."

"आणि आत्याचा खोकला? ते राहू दे. आधी बाबांना डॉक्टरकडे ने. गुरुवारी." सासऱ्यांना तिने सांगितलं, चष्मा बदलायचाय, दुकानात सवलत आहे. ते तयार झाले. एवढ्या सहज तयार झाले की तिला वाईट वाटलं.

गुरुवारी दहाला बापलेक गेले. तिने रजा घेतली होती. आत्याची चादर बदलली, आणि मग तिची नजर गेली अंगणाच्या टोकाला. फरशीवर सुतळीएवढी जाड रांग होती. तिला वाटलं, हे काय चाललंय? नजर गेलेला माणूस रोज इथे किती साखर ओतत असेल कोण जाणे. आपणच आपल्या हाताने फौज पोसतोय, आणि आत पाय न हलवणारं माणूस झोपलंय! झालं. बाईसाहेब कामाला लागल्या. फरशी उचलून कचऱ्याच्या बादलीत टाकली, जागा साबणाने खसाखसा घासली आणि भिंतीच्या मुळाशी दोन बादल्या पाणी ओतलं. वर समाधानाने हातही झटकले.

दुपारी तीनला आत्याची हाक आली. आवाज अगदी शांत होता, आणि त्यामुळेच सून धावली.

"सूनबाई, साताच्या खाली बघ. दोन हात."

"आत्या, रंग मी नंतर—"

"रंग नाही. मुंग्या आहेत. खिडकीच्या चौकटीतून निघाल्यात. पुढची जमिनीला लागली. फडकं घे, साबणाचं पाणी घे, पुढून पूस, मागून नको. मागून पुसलंस तर पुढच्या आत अडकतील."

सुनेने भिंतीकडे पाहिलं. आत्याने सांगितलं तिथेच, बोटभर रुंद काळा पट्टा उतरत होता. त्यातल्या कित्येकींच्या तोंडात पांढरं काहीतरी होतं. अंडी. त्या चोरी करायला आल्या नव्हत्या, घर शोधायला आल्या होत्या. हिने सकाळी त्यांचं घर बुडवलं होतं.

ती पुसत सुटली. आत्या आरशातून बघून सांगत होती. "आता पाचावर. चौकटीला तळाशी फट आहे, तिथे साबणाची वडी दाबून बसव, पुट्टी नंतर. हां. आता फ्रीजमागून दुसरी फळी. घाबरू नकोस, हात चालव." आणि मग एकदम, "चादर! सूनबाई, चादरीचं टोक!"

सकाळी बदललेल्या चादरीचं एक टोक जमिनीला टेकलं होतं. चारी वाट्या काठोकाठ भरलेल्या, पाण्यात साबण, सगळं चोख, आणि हिने शेजारी जिना लावून ठेवला होता. टोकावर सात-आठ मुंग्या चढत होत्या. सर्वात पुढची पायथ्याच्या कडेला पोचली होती. तिच्यापासून आत्याची टाच चार बोटांवर होती, आणि टाचेला काही कळणार नव्हतं.

सुनेने चादर ओढली ती मुंग्यांसकट, गुंडाळून अंगणात भिरकावली. मग सासऱ्यांचं भिंग आणलं आणि आत्याचे दोन्ही पाय हातात घेऊन बोटांच्या बेचक्यांसकट तपासले. एकदा, दोनदा, तीनदा. काही नव्हतं. तिने बाहीने डोळे पुसले.

"रडू नको," आत्या म्हणाली. "आणि फरशी टाकलीस ना कचऱ्यात? मला आवाज आला होता."

"आत्या, तुम्हाला हे सगळं कसं कळतं? साताच्या खाली, पुढून पुसायचं, फट कुठे आहे..." आणि बोलता बोलता ती थांबली. चहा. आरसा. डाग.

"चार वर्षांपूर्वीची गोष्ट," आत्या म्हणाली. "बाळ्या सकाळी इथे बसून म्हणाला, ताई, आज भिंत साफ आहे. आणि मला आरशात सात मुंग्या दिसत होत्या. त्याच्या नाकासमोर. मला एकदम कळलं. आता काय बोलणार? एवढ्या वर्षांचा पहारा त्याचा. मी म्हटलं, बाळ्या, साताच्या खाली डाग आहे का रे, जरा पूस. तो गेला, हात फिरवला, बोटाला मुंग्या लागल्या. पुसून आला. तो काही बोलला नाही, मी काही बोलले नाही. तेव्हापासून आमच्याकडे रोज डाग असतात."

सून खाली जमिनीवर बसून राहिली. चार वर्षं तिने ते बोलणं ऐकलं होतं आणि हसण्यावारी नेलं होतं. तिला वाटत होतं एकजण राखतोय आणि एकजण राखली जातेय. आणि इथे पलंगाला खिळलेली बाई नजर गेलेल्या माणसाला बोटाएवढ्या अंतरावर नेऊन सोडत होती, रोज, आणि त्याला ते जाणवूही देत नव्हती. केवढी ही माणसं, तिच्या मनात आलं, आणि मी यांच्या घरात चार कण सांडून हसले होते.

पाचला बापलेक परतले. नवऱ्याने दारातच मान हलवली. मधली नजर गेली होती, परत येणार नव्हती. कडेचं थोडं दिसेल तेवढंच.

मुंगीमास्तर उंबऱ्यातच थांबले. नाकाने एक दीर्घ श्वास घेतला. साबण. चपला न काढता ते आत आले, खिडकीच्या चौकटीला हात लावला, बोटाला साबणाची वडी लागली.

"कुठून आल्या?"

सुनेने सगळं सांगितलं. फरशी, दोन बादल्या, चादर. काही लपवलं नाही. आता घर डोक्यावर घेतील म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. ते पलंगाकडे गेले, बहिणीच्या टाचा दोन्ही हातांत घेतल्या आणि अंगठ्याने कडेकडेने, हळूहळू चाचपल्या. घड्याळाचं झाकण उघडताना चाचपायचे तशा.

"नाही चावली," ते म्हणाले. मग टाचा न सोडता, "ताई, मला दिसत नाही गं."

"माहीत आहे रे."

"कधीपासून?"

"तुला माहीत आहे तेव्हापासून."

मुंगीमास्तर पलंगाच्या कडेला बसले आणि रडले. रडता रडता हसलेही. "म्हणजे ते डाग..."

"डाग कसले! गेल्या वर्षीच तर रंग दिलाय भिंतीला."

त्यांनी तोंड पुसलं आणि सुनेकडे, म्हणजे तिच्या कानाकडे, बघून म्हणाले, "फरशी कचऱ्यातून काढ. आहे तिथे ठेव. जागा चुकवू नकोस."

पण मुंग्या आल्या नाहीत. ज्यांचं घर बुडवलं त्या लगेच कशाला येतील? दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सुनेने झाकणाने मापून पाणी ओतलं आणि वाट बघत बसली. फरशीवरचं पाणी तसंच सुकलं. घरात मात्र रोज नवी रांग निघत होती, कधी फ्रीजमागून, कधी न्हाणीतून. आता डाग म्हणायचं कारण उरलं नव्हतं. आत्या बघून सांगायची, मुंगीमास्तर कुठे कशी चीर असेल ते सांगायचे आणि सून पुसायची, बुजवायची. कामाला जाण्याआधी एकदा, आल्यावर एकदा चारी वाट्यांचं पाणी बदलायची. रोज अंगणातून आत आली की ते विचारायचे, "आली?" आणि ती म्हणायची, "नाही, बाबा." हे दहा दिवस चाललं. दहा दिवस आत्याच्या टाचा तिने स्वतःच्या चेहऱ्यापेक्षा जास्त वेळा पाहिल्या.

अकराव्या दिवशी फरशीच्या कडेला एक मुंगी उभी होती. एकटीच. मिशा हलवत होती. सून श्वास धरून बसली. मुंगी पाण्याला लागली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आली."

ते भिंतीचा आधार घेत आले आणि तिच्याशेजारी बसले. खिशातून रंगाची बाटली आणि एका केसाचा ब्रश काढून त्यांनी तिच्या हातात दिला, आणि गळ्यातल्या दोरीचं भिंगही. ते भिंग त्यांनी असं कुणाला देऊन टाकलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

"लाव."

"मला नाही जमणार. मरेल ती."

"पीत असताना ती हलत नाही. श्वास सोडून झाला की हात टेकव. लाव."

तिने श्वास सोडला, हात टेकवला. भिंगात ती मुंगी केवढी मोठी दिसत होती, आणि पाठीवर पांढरा ठिपका उमटला. जरा वाकडा, पण उमटला.

"लागला."

"आता बोल," मुंगीमास्तर म्हणाले. "मोठ्याने. मला दिसत नाही, आणि ताई आत आहे. खिडकी उघडी आहे."

सुनेने घसा साफ केला. "प्यायली. वळली. फरशीवरून उतरली. गवताच्या काडीवर चढली, परत उतरली. थांबली आहे. आता... आता दोन दगडांच्या मधून चाललीय."

आतून आत्याचा आवाज आला. "आपल्या घराकडे?"

सून गुडघ्यांवर पुढे सरकली. पांढरा ठिपका गवतात दिसेनासा झाला, पुन्हा दिसला, कुंपणाच्या भिंतीला लागला आणि वर चढून पलीकडे उतरायला लागला. तिचा हात नकळत सासऱ्यांच्या मनगटावर गेला.

"नाही, आत्या," ती ओरडली. "लांब. लांब चाललीय."